साक्षी, सूत आणि लुगडं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. पाच वर्षं रोज सकाळी अर्धा तास तुम्ही ‘मी देह नाही, मन नाही, मी साक्षी’ असा अभ्यास करता. तुमच्या तक्रारी तीन. हा साक्षीसुद्धा मनानंच उभा केल्यासारखा वाटतो. विचार काही थांबत नाहीत. आणि ‘जग मिथ्या’ म्हणता म्हणता घरात कोरडेपणा शिरला आहे. पत्नी म्हणाल्या, ‘तुम्ही समोर असता, पण घरात नसता.’ चुकतंय कुठे, असं विचारलं आहे.

खरं दुखणं तिसऱ्या तक्रारीत आहे, पण त्याचं मूळ पहिलीत आहे. म्हणून पहिलीपासून सुरुवात करतो. दुसरीला फार वेळ लागणार नाही.

मी कोण ते सांगतो, म्हणजे या उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी संन्यासी नाही, कुणाचा गुरूही नाही. इचलकरंजीच्या विणकराच्या घरात वाढलो, हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालो. अठ्ठावीस वर्षं झाली, दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दहाबारा जण जमतो आणि एखादा ग्रंथ ओळीओळीनं वाचतो. पंचदशी तीनदा झाली, ज्ञानदेवांचा अमृतानुभव दोनदा, त्यांचीच चांगदेव पासष्टी किती वेळा झाली ते मोजलं नाही. तुमची तिन्ही दुखणी मी स्वतः भोगलेली आहेत, तिसरं तर फारच वाईट रीतीनं. ते पुढे येईलच.

पंचदशी हा विद्यारण्यांचा चौदाव्या शतकातला ग्रंथ. त्यात पंधरा प्रकरणं, आणि दहाव्याचं नाव नाटकदीप. अगदी छोटं प्रकरण आहे. त्यातला दृष्टांत असा: नृत्यशाळेत दिवा तेवतो आहे. त्याच्या उजेडात मैफलीचा यजमान दिसतो, बैठकीतली मंडळी दिसतात, नाचणारी दिसते. दिवा कुणाला कमी उजेड देत नाही, कुणाला जास्त देत नाही. मैफल संपली, सगळे उठून गेले, तरी तो तेवतोच. पुढे विद्यारण्य एकेकाला ओळखीचं नाव देतात. यजमान म्हणजे अहंकार, बैठकीतली मंडळी म्हणजे विषय, नाचणारी ती बुद्धी, ताल धरणारे साथीदार म्हणजे इंद्रियं. साक्षी म्हणजे दिवा.

आता तुमच्या त्या अर्ध्या तासाकडे या. तुम्ही आसन टाकता, डोळे मिटता आणि मनाशी म्हणता, ‘चला, आता मी नुसता पाहणार.’ विचार आला, पाहिला. राग आला, पाहिला. हा जो लोडाला टेकून ऐटीत पाहत बसला आहे तो दिवा नव्हे, तो यजमान आहे. पाच वर्षं तुम्ही यजमानाला दिवा समजत आलात. यात लाज वाटण्याजोगं काही नाही, जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं. यजमान ओळखण्याची खूण सोपी आहे: तो दमतो. अर्ध्या तासानं उठतो. ‘आज बरं जमलं, काल नाही जमलं’ असा हिशेब ठेवतो. कुणी दार वाजवलं तर चिडतो. दिव्याला यातलं काहीच लागू होत नाही. दिवा ‘पाहण्याचं काम’ करतच नाही. तो आहे, एवढ्यानंच सगळं दिसतं.

आपल्याकडे ‘साक्षीभाव’ हा शब्द फार सैल वापरला जातो आणि माझ्या मते निम्मा घोटाळा त्यानंच केला आहे. भाव म्हटलं की तो आणावा लागतो, टिकवावा लागतो, सुटला की पुन्हा धरावा लागतो. मूळ शब्द नुसता साक्षी. कोर्टातला साक्षीदारसुद्धा घटना घडताना ‘मी आता साक्षीदार होतो’ असं ठरवून उभा राहिलेला नसतो. तो तिथे होता, एवढंच.

तुम्ही लिहिलंत, ‘हा साक्षीही मनानंच उभा केल्यासारखा वाटतो.’ हे तुम्हाला कळलं कसं? ते कळणं ज्याच्या उजेडात घडलं, त्याला तुम्ही उभं केलं नव्हतं. तुमची तक्रार हीच तुमच्या आजवरच्या अभ्यासातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

इथे मन लगेच पुढचा डाव टाकतं: ‘मग त्याला पाहणारा कोण? आणि त्याच्याही मागे?’ अशी माळ लावत बसू नका. बृहदारण्यक उपनिषदात उषस्त चाक्रायण याज्ञवल्क्य ऋषींना हेच विचारतो. जो प्रत्यक्ष आहे, सगळ्यांच्या आत आहे, तो आत्मा मला दाखव, म्हणतो. याज्ञवल्क्य सांगतो, ते त्याला पटत नाही. ‘ही गाय, हा घोडा असं सांगावं तसं सांगतोस की,’ अशी तक्रार करतो. त्यावर याज्ञवल्क्याचं उत्तर: ‘न दृष्टेर्द्रष्टारं पश्येः’. दृष्टीच्या द्रष्ट्याला तू पाहू शकणार नाहीस. म्हणजे तो सापडत नाही ही तुमच्या साधनेतली उणीव नव्हे. जे काही सापडेल ते दृश्य असणार, एवढाच त्याचा अर्थ.

ज्ञानदेव याहून एक पाऊल पुढे जातात. अमृतानुभवात ते शिवसूत्रांचा हवाला देऊन म्हणतात की ज्ञानसुद्धा बंधच आहे. मी देह आहे, ही एक गाठ. मी देह नाही, साक्षी आहे, ही त्या गाठीवर मारलेली दुसरी गाठ. पहिली सुटावी म्हणून दुसरी मारली हे ठीक, पण तिलाच दागिना समजून मिरवू लागलो तर पंचाईत होते.

दुसरी तक्रार, मन थांबत नाही. थांबलंच पाहिजे असं तुम्हाला कुणी सांगितलं? ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ हे पतंजलींचं सूत्र. ते त्यांच्या शास्त्रात योग्य जागी आहे. शंकराचार्यांनी मात्र बृहदारण्यकाच्या भाष्यात स्वच्छ म्हटलं आहे की आत्मज्ञान आणि त्याचं सातत्यानं स्मरण यांखेरीज चित्तवृत्तिनिरोध असं मोक्षाचं वेगळं साधन आम्हाला माहीत नाही. त्यांच्याच परंपरेतल्या गौडपादांनी मनाच्या निग्रहाला दिलेली उपमा तर ऐकण्यासारखी आहे: कुशाच्या टोकानं एकेक थेंब उचलून समुद्र उपसणं. ‘कुशाग्र’ हा शब्द आपण हुशारीसाठी वापरतो, इथे तो चिकाटीसाठी आला आहे. ज्याला उपसायचाय त्यानं न कंटाळता उपसावा, जरूर. पण समुद्र पाणीच आहे हे कळायला तो उपसावा लागत नाही.

जे दोरीवरचा साप हा एकच दृष्टांत घेऊन बसतात त्यांची इथे हमखास फसगत होते. दोरी कळली की साप जातो, म्हणून त्यांना वाटतं की ज्ञान झालं की मन जायला हवं, जग जायला हवं. जाईना, म्हणजे ज्ञान झालं नाही! शास्त्रानं दोन तऱ्हेचे भ्रम वेगळे काढले आहेत. साप हा निरुपाधिक भ्रम, तो कळताच मावळतो. दुसरा सोपाधिक, म्हणजे शेजारच्या वस्तूमुळे होणारा. स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो. तो तांबडा नाही हे पक्कं कळलं तरी फूल शेजारी आहे तोवर तांबडाच दिसणार. मृगजळाचंही तेच. तिथे पाणी नाही हे ठाऊक असलेल्यालाही दुपारच्या डांबरी रस्त्यावर ते दिसतंच, फक्त तो कळशी घेऊन धावत नाही. मन हे जास्वंदीचं फूल आहे. ते असेपर्यंत रंग दिसणार. तुमचं काम फूल फेकण्याचं नाही. एवढं कळलं की दुसऱ्या तक्रारीत फारसं काही उरत नाही. हां, पोटभर झोप, वेळेवर जेवण आणि रात्री उशिरापर्यंत हातात मोबाइल नसणं यांनी मन बरंच निवतं, पण त्याला वेदान्ताची गरज नाही.

आता तिसरी.

मिथ्या या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा नव्हे. जे मुळातच नाही, वांझेचा मुलगा किंवा सशाचं शिंग, त्याला शास्त्रात असत् किंवा तुच्छ म्हणतात. ते कधी दिसतही नाही. जे तिन्ही काळी जसंच्या तसं राहतं ते सत्. जग दिसतं, म्हणून असत् म्हणता येत नाही. बदलतं, बाधित होतं, म्हणजे ज्ञान झाल्यावर पहिल्यासारखं खरं ठरत नाही, म्हणून सत् म्हणता येत नाही. या दोहोंत न बसणारं ते मिथ्या, सदसद्विलक्षण. एवढा नेमका, कानामात्रा मोजून घडवलेला शब्द. आपण बोलताना त्याचा ‘खोटं’ करून टाकला, आणि पुढे ‘खोटं’चं ‘बिनमहत्त्वाचं’ झालं. तुमच्या घरातला कोरडेपणा या घसरणीतून आला आहे.

विणकराचा मुलगा असल्यामुळे असेल, पण या विषयातले कापडाचे दृष्टांत मला चटकन कळतात. असे तीन तुमच्यापुढे ठेवतो. तिघांमधला फरक कळला की तुमची अडचण जवळजवळ सुटेल.

पहिलं कापड ब्रह्मसूत्रातलं, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथातलं. दुसऱ्या अध्यायात दोन शब्दांचं सूत्र आहे, ‘पटवच्च’. कापडासारखं. आचार्य उलगडून सांगतात: घडी घातलेलं, गुंडाळलेलं कापड पाहिलं तर ते कापडच आहे की आणखी काही, हे नीट कळत नाही. उलगडलं की कळतं. लांबीरुंदीही कळते. घडीत होतं तेच उलगडलं, दुसरं काही बाहेरून आलं नाही. तसंच सुतात असलेलं कापड उमटून दिसत नाही, माग-धोटा आणि विणकर यांच्यामुळे ते दिसू लागतं. कार्य कारणाहून वेगळं नाही, एवढं इथे सांगायचं आहे.

दुसरं कापड विद्यारण्यांचं, पंचदशीच्या सहाव्या प्रकरणातलं, चित्रदीपातलं. चित्र काढण्याच्या कापडाच्या चार अवस्था: धुतलेलं, खळ देऊन घोटलेलं (मूळ शब्द ‘घट्टित’), रेघांनी आखलेलं, रंग भरलेलं. आत्म्याच्याही अशाच चार: शुद्ध चित्, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट. आमच्या घरात सुताला खळ देताना तांदळाच्या पेजेचा तो आंबूस वास दरवळायचा, त्यामुळे ‘घट्टित’ हा शब्द वाचला की अजून नाकाला वास येतो. पण या दृष्टांतातली खरी गंमत पुढे आहे. त्या चित्रात माणसं रंगवली आहेत, आणि त्यांच्या अंगावर रंगानंच कपडे काढले आहेत. ते रंगवलेले कपडे हुबेहूब कापडासारखे दिसतात, ज्या कापडावर चित्र आहे त्याच्यासारखेच. विद्यारण्य म्हणतात, जीवाचं चैतन्य हे असं आहे, चिदाभास, म्हणजे चैतन्याचा नुसता भास. चित्रातल्या माणसाला वाटतं, माझं धोतर हेच खरं कापड. खरं कापड तर त्याच्या धोतरात, कातडीत, मागच्या झाडात, आभाळात सगळीकडे सारखंच आहे. मघाच्या यजमानाची पुन्हा आठवण ठेवा. तो ‘माझी जाणीव’ म्हणून जे काही छातीशी धरून बसला होता, ते रंगवलेलं धोतर होतं.

चित्रदीपाचा दृष्टांत असा सुरेख आहे, पण तो एकटाच फार दिवस घोकला तर त्याचा एक दोष अंगात मुरतो. रंग कापडावर चढवलेला असतो. कापड वेगळं, रंग वेगळा, आणि मनातल्या मनात आपण रंग खरवडू लागतो. बायको, मुलं, नोकरी, आजारपणं म्हणजे रंग. आपण म्हणजे मागचं स्वच्छ कापड. मग रंगाशी कशाला बोलायचं? विद्यारण्यांना हे म्हणायचं नव्हतं, हे त्यांचं सगळं प्रकरण वाचलं की कळतं. पण दृष्टांताला स्वतःचा एक ओढा असतोच.

तिसरं कापड आपल्या मराठीतलं, आणि वयानं ते चित्रदीपाहून थोरलं, तेराव्या शतकातलं. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची कथा तुम्हाला ठाऊक असेलच. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयानं लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर वय आडवं येतं. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच. मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं. कथा कथेच्या जागी असू द्या. त्या पासष्ट ओव्यांत, अगदी सुरुवातीलाच, ही ओवी येते:

जेंवि नाममात्र लुगडें । येऱ्हवीं सूतचि तें उघडें ।
कां माती मृद्भांडें । जयापरी ॥

लुगडं नावापुरतं, एरवी ते उघड सूतच. यातला ‘उघडें’ हा शब्द पाहा. सूत लुगड्याच्या मागे लपलेलं नाही, खालीही नाही. लुगडं बाजूला सारलं की सूत दिसेल, असंही नाही. लुगडं दिसतं आहे म्हणजे सूतच दिसतं आहे. याच्या थोडं आधीची ओवी तर मला जास्तच आवडते:

कल्लोळकंचुक । न फेडितां उघडें उदक ।
तेंवि जगेंसीं सम्यक् । स्वरूप जो ॥

लाटांची चोळी न सोडताच पाणी उघडं आहे. तसा तो जगासकट, जग जसं आहे तसं असतानाच, पुरता स्वरूपात आहे. ‘न फेडितां’ या दोन शब्दांवर मी एकदा सगळा गुरुवार घालवला होता.

आणखी एका गुरुवारी मी आईचं जुनं नऊवारी लुगडं पाठाला घेऊन गेलो. वडिलांनीच विणलेलं, पदराला विरलेलं. सतरंजीवर पसरलं आणि म्हटलं, ‘यातलं सूत मला काढून द्या, पण लुगडं तसंच राहिलं पाहिजे.’ आमच्यात एक निवृत्त कंडक्टर आहेत, ते हसून म्हणाले, ‘मग उलटं करू का? लुगडं तुम्हाला देतो, सूत इथे ठेवतो.’ तेवढ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता, त्यानं रास्त शंका काढली. ‘सर, सुतापाशीच का थांबायचं? सूत म्हणजे कापूस, कापूस म्हणजे सेल्युलोज, ते म्हणजे अणू. मग खरे काय ते अणूच.’

त्याला मी लुगड्याच्या आधीची, परमाणूंचीच ओवी दाखवली. परमाणूंचे ढीग पृथ्वी झाले म्हणून त्यांचं परमाणुपण काही वाया गेलं नाही, तसा विश्वाच्या स्फुरणानं तो झाकला जात नाही, असा तिचा भाव. म्हणजे खाली खाली जाण्याची ही वाट ज्ञानदेवांनाही ठाऊक होती. पण त्या वाटेनं कितीही खाली गेलं तरी जे मिळतं ते दृश्यच असतं, अधिक बारीक दृश्य. सूत, कापूस, अणू हे ज्याला कळतात त्याची गणती त्या यादीत कधीच होत नाही, आणि त्याच्यावाचून ती यादी लिहिलीही जात नाही. दृष्टांतातलं सूत म्हणजे आणखी एखादा सूक्ष्म पदार्थ नव्हे. ते कळणंच. ज्ञानदेवांचा शब्द ‘संवित्ती’. शिवापासून पृथ्वीपर्यंतचे पदार्थ भासतात ते तिच्यामुळे, असं ते म्हणत नाहीत. तीच एकसरी प्रकाशते, असं म्हणतात. मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘हे मला पटलं नाही, पण कळलं.’ आमच्याकडे एवढं पुरतं.

परंपरेतला एक नाजूक फरकही इथेच येतो. शांकर अद्वैताच्या रूढ मांडणीत द्रष्टा आणि दृश्य हा भेद अविद्येमुळे आहे. चांगदेव पासष्टीत ज्ञानदेव काय म्हणतात?

म्हणोनि अविद्यानिमित्तें । दृश्य द्रष्टृत्व वर्ते ।
तें मी नेणें आइतें । ऐसेंचि असे ॥

अविद्येमुळे वगैरे मी जाणत नाही. ते आयतंच, असंच आहे. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात तर ते अज्ञानाचं अस्तित्वच खोडून काढतात, इतक्या चवीनं की वाचताना हसू येतं. ज्ञानदेव शंकरांहून वेगळे की त्यांचंच पुढचं पाऊल, यावर मराठीत जुना वाद आहे. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचा दृष्टांत देतो, विकार म्हणजे वाणीनं दिलेलं नाव, माती हेच सत्य, तो आणि लुगड्याची ओवी यांत मला तरी फट दिसत नाही. उलट भिंतीवरच्या चित्राचा दृष्टांत ज्ञानदेवांनीही याच पासष्टीत घेतला आहे. तेव्हा कोण कुठल्या गटातलं हे ठरवण्यात वेळ घालवू नका. तुमच्यासारख्यानं औषध बदलावं, एवढंच मी म्हणतो. पाच वर्षं तुम्ही रंग खरवडलात. आता लुगडं हातात घ्या.

विणकराचं पाहा. गिऱ्हाइकाला काठ दिसतो, पदर दिसतो. वडिलांना तेच लुगडं दिसायचं, पण बोट फिरवता फिरवता ते म्हणायचे, ‘इथं सूत जाड लागलंय.’ सूत दिसावं म्हणून त्यांनी कधी लुगडं उकललं नाही. आणि त्यांना सूत दिसायचं म्हणून काठाकडे त्यांचं दुर्लक्ष झालं, असंही नाही. काठ बिघडला तर सगळ्यांत आधी तेच अस्वस्थ व्हायचे.

आता माझं सांगतो. मी चौतीस वर्षांचा असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा माझा साक्षीचा अभ्यास जोरात होता आणि मला त्याचा अभिमानही होता. दवाखान्यात त्यांच्या पायाशी मी शांत उभा राहिलो. अक्का रडत होती, मी नव्हतो. वडिलांचा उजवा हात गेला होता. डाव्या हाताची बोटं ते चादरीवर माझ्या दिशेनं हलवत होते, धोटा फेकणारी ती बोटं. मी ते पाहत होतो. मनात चक्क वाक्य उमटलं: ‘हात दृश्य, दुःख दृश्य, मी द्रष्टा.’ अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बघत काय उभा राहिलायस? हात धर की त्यांचा.’ मी धरला. धरताक्षणी माझे पाय थरथरायला लागले आणि कळलं, इतका वेळ तिथे जो उभा होता तो साक्षी नव्हता. ती भीती होती. तिनं वेदान्ताचं उपरणं पांघरलं होतं, इतकंच.

त्यानंतर दोनेक वर्षं मी ‘साक्षी’ हा शब्द वापरला नाही. वडील त्या दुखण्यातून थोडे सावरले, चारेक वर्षं जगले, पण मागावर पुन्हा बसले नाहीत.

तुमचा कोरडेपणा नेमका असाच आहे, असं मी म्हणणार नाही. पण एकदा तपासून पाहा. घरात कुठल्या प्रसंगी तुम्ही ‘साक्षी’ होता? बायको आनंदानं काही सांगत असते तेव्हा, की तक्रार करत असते तेव्हा? पैशाची गोष्ट निघते तेव्हा? साक्षी जर फक्त अडचणीच्या वेळीच हजर होत असेल, तर तो दिवा नाही. दिव्याला प्रसंग निवडता येत नाहीत.

आणखी एक सांगून ठेवतो, तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही तरी. जग काचेपलीकडचं वाटणं, स्वतःचा आवाज परका वाटणं, झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर त्याला कुणी ‘अनुभूती’ म्हणालं तरी ऐकू नका. सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पाठाला येणाऱ्या दोघांना मी असं पाठवलं आहे, आणि दोघंही बरे होऊन परत आले. आत्मज्ञानानं जग पुसट होत नाही.

भक्तीबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय: सगळं एकच, तर नमस्कार कुणी कुणाला करायचा? अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात याचं उत्तर एका ओवीत आहे:

देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु ।
तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥

वेरूळचं कैलास लेणं पाहिलं असेल तर याहून जास्त सांगायला नको. कळस, खांब, हत्ती, आतली पिंड, सगळा एकच कातळ, वरून खाली कोरत आणलेला. तिथे देव आणि देऊळ यांच्यात सांधा शोधून सापडत नाही, म्हणून नमस्कार अडतो का? आणि देवाबाबत जे चालतं ते घरच्या माणसांबाबतही चालायला हरकत नसावी. हे वाक्य माझं आहे, ज्ञानदेवांच्या नावावर घालू नका.

करायचं काय, ते सांगतो. महिनाभर सकाळचा तो अर्धा तास बंद ठेवा. अगदी पूर्ण. त्याऐवजी चांगदेव पासष्टीच्या रोज पाच ओव्या मोठ्यानं वाचा, तेरा दिवसांत एक आवर्तन होईल. अर्थाची पुस्तकं पहिल्या आवर्तनाला उघडू नका. जुनी मराठी आहे, चार शब्द अडतील, अडू द्या. दुसऱ्या आवर्तनाला अर्थ पाहा. दिवसभरात वेगळं ‘पाहायला’ बसायचं नाही. फक्त एखाद्या वेळी, चहाचा कप हातात असताना किंवा पत्नी बोलत असताना, एवढंच लक्षात येऊ द्या की हे कळतं आहे, आणि हे कळण्यासाठी मी काहीच केलेलं नाही. लक्षात आलं की लगेच पुन्हा चहाकडे, पुन्हा त्यांच्या बोलण्याकडे. त्या काय म्हणाल्या ते नंतर सांगता आलं पाहिजे. ही माझी परीक्षा आहे आणि ती सोपी नाही.

शेवटाकडे मिठाची ओवी येईल. पाण्याचा ठाव घ्यायला मीठ आत शिरलं, आणि तेच उरलं नाही, मग पाण्याचं माप कोण घेणार? त्यापुढच्या ओवीत ज्ञानदेव चांगदेवांना म्हणतात, तुला पाहायला गेलो तर मीच नाही, मग तिथे तू कुठला? इथे आलात की मला पुन्हा लिहा. बहुतेक जण तिथेच अडतात, मीही दीड वर्ष अडलो होतो.